पावतीविना माल नको, चिठ्ठीविना गोळी नको

व्यापाराच्या पानावर औषधाच्या गोळीचा विषय कशाला, असे काही वाचक विचारतील. विषयही असा की चारचौघांत त्याचे नाव काढायला माणूस कचरतो. परंतु आम्ही कापडाच्या धंद्यात आयुष्य घालवले आहे आणि एक गोष्ट वारंवार पाहिली आहे. जो दुकानदार पाच रुपयांच्या फरकासाठी ठाण उलगडून दोन्ही काठ तपासतो, बिलाशिवाय गाठोडे आत घेत नाही, तोच माणूस मर्दाना कमजोरीची गोळी मात्र कागदात गुंडाळून, बिल न घेता, कंपनीचे नाव न वाचता खिशात घालतो. मालात खोट निघाली तर रक्कम बुडते. इथे खोट निघाली तर जीव जातो. म्हणून हा विषय आमच्या पानाचाही आहे.

यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेड, वणी, पांढरकवडा या आपल्या बाजारांत दर्जी, मेकॅनिक, न्हावी, खाटीक, बांगडीवाले, फळवाले, कापडवाले असे हजारो बांधव सकाळपासून रात्रीपर्यंत राबतात. त्यांच्या रोजीचे भांडवल म्हणजे त्यांचे शरीर. त्या भांडवलाला कुठे गळती लागली आहे, हे सांगणारी पहिली खूण पुष्कळदा हीच तक्रार असते. ती लपवली तर पुढचे नुकसान लपत नाही.

मर्ज कशाचा?

इंद्रियाला ताठरपणा न येणे किंवा आलेला न टिकणे, ही तक्रार कधीमधी प्रत्येकालाच होते. दमणूक, काळजी, झोप नसणे, एवढ्यानेही ती होते. परंतु तीन महिन्यांहून अधिक काळ सतत तसेच होत असेल तर तिला विकार समजून तपासणी करावी, असे वैद्यकशास्त्र सांगते. तिचा मर्दानगीशी किंवा तरुणपणी केलेल्या कुठल्या तरी गोष्टीशी संबंध जोडून भिंतीवरच्या जाहिराती जी भीती घालतात, ती खोटी आहे.

ताठरपणा हा रक्ताचा खेळ आहे. मेंदूकडून इशारा येतो, नसा तो पोहोचवतात, रक्तवाहिन्या सैल होतात, रक्त भरते. या साखळीत कुठेही अडले की तक्रार सुरू होते. मधुमेहाने नसा आणि रक्तवाहिन्या दोन्ही खराब होतात. वाढलेल्या रक्तदाबाने वाहिन्या कडक होतात. तंबाखूने त्या आक्रसतात. आपल्या विदर्भात खर्‍याची पुडी ज्याच्या गल्ल्यात नाही असा दुकानदार शोधावा लागेल. दिवसाला पाच-सात खर्रे खाणार्‍याने ताकदीच्या दवेवर पैसे घालणे म्हणजे गळक्या हौदात पाणी भरणे होय. याशिवाय दारू, कंबरेच्या मणक्याची इजा, प्रोस्टेटचे ऑपरेशन, उदासीपणाचा आजार आणि रक्तदाबाची किंवा मनाच्या आजाराची काही औषधेही कारण ठरतात. अशा वेळी डॉक्टर औषध बदलून देऊ शकतात. आपल्या मनाने मात्र रक्तदाबाची गोळी बंद करू नये.

यात आणखी एक बाब प्रत्येकाने ध्यानात ठेवावी. इंद्रियाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांहून बारीक असतात. चरबी साठू लागली की बारीक नळी आधी चोंदते. त्यामुळे छातीत कळ येण्याच्या दोन ते पाच वर्षे आधी ही तक्रार सुरू झालेली असते, असे अनेक रुग्णांत आढळले आहे. चाळिशी-पन्नाशीच्या माणसाला ही तक्रार सुरू झाली तर साखर, रक्तदाब, चरबी आणि हृदय यांची तपासणी करून घेण्याची ती सूचना असते.

आमच्या माहितीतल्या एका तालुक्याच्या गावी एक दर्जी होते. वय ४४. ही तक्रार त्यांनी कुणाला सांगितली नाही. आठवडी बाजारात तंबू ठोकून बसलेल्या एका हकीमजींकडून ते पुड्या घेत राहिले. लगीनसराईची कमाई त्यात गेली. दोन वर्षांनी पायाला जखम झाली, ती भरेना, तेव्हा सरकारी दवाखान्यात रक्त तपासले, साखर तीनशेच्या वर निघाली. पायाची दोन बोटे काढावी लागली. ज्या पायाने शिलाई मशीन चालायचे तोच हा पाय. दोन वर्षांपूर्वी त्यांनी डॉक्टरांजवळ तोंड उघडले असते तर साखर तेव्हाच सापडली असती.

गोळी आली कुठून, करते काय?

इंग्लंडच्या केंट परगण्यातील सँडविच या गावी फायझर कंपनीची प्रयोगशाळा होती. तिथे सिल्डेनाफिल नावाच्या औषधाची हृदयाच्या कळेवर चाचणी चालू होती. हृदयाला त्याचा फारसा उपयोग दिसला नाही, परंतु चाचणीतल्या पुरुषांनी वेगळाच परिणाम सांगितला. त्यातून १९९८ च्या मार्च महिन्यात अमेरिकेत ‘व्हायग्रा’ या नावाने त्याला परवानगी मिळाली. पुढे २००३ साली टॅडालाफिल हे त्याच जातीचे दुसरे औषध तिथे मंजूर झाले. आपल्या देशात १९७० च्या पेटंट कायद्यात औषधाच्या मूळ द्रव्यावर पेटंट मिळत नसे, ते बनवण्याच्या पद्धतीवर मिळे. त्यामुळे भारतीय कंपन्यांनी २००१ च्या सुमारासच आपापल्या नावाने ही गोळी स्वस्तात बाजारात आणली. आज ती गावोगावच्या मेडिकलमध्ये आहे. स्वस्त आणि सहज मिळते म्हणून ती साधी आहे असा समज झाला आहे आणि तिथेच घात होतो.

ही गोळी कामवासना वाढवत नाही. मनात इच्छा आणि पत्नीचे सान्निध्य असेल तरच रक्तवाहिन्या सैल व्हायला ती मदत करते. तिने वीर्य वाढत नाही, मूल होण्याची हमी मिळत नाही, लागणीच्या रोगापासून बचाव होत नाही आणि मूळ आजारही बरा होत नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली योग्य माणसाने योग्य मात्रेत घेतली तर मात्र ती चांगली उपयोगी आहे. जगभर लाखो लोक ती सुरक्षितपणे घेतात. म्हणजे गोळीला दोष देण्यात अर्थ नाही. धोका आहे तो गुपचूप घेण्यात.

सर्वांत मोठी मनाई

हा परिच्छेद वाचकांनी दोनदा वाचावा आणि घरातल्या वडीलधार्‍यांना ऐकवावा.

छातीत कळ येणार्‍या रुग्णाला डॉक्टर नायट्रेट जातीचे औषध देतात. जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट पुष्कळांच्या खिशात असते. आयसोसॉर्बाइड, नायट्रोग्लिसरीन ही त्याच कुळातली नावे. नायट्रोग्लिसरीनचा तोंडात मारायचा फवाराही मिळतो आणि कातडीवर लावायची पट्टीही. निकोरँडिल नावाची हृदयाची गोळीही अशाच रीतीने काम करते. यांपैकी काहीही चालू असेल, रोज असो की कधीमधी, तर सिल्डेनाफिल किंवा टॅडालाफिल अजिबात घ्यायचे नाही.

कारण समजून घ्यावे. नायट्रेट शरीरात नायट्रिक ऑक्साइड सोडते आणि त्याने रक्तवाहिन्या सैल होतात. याच नायट्रिक ऑक्साइडच्या शोधासाठी फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तीन शास्त्रज्ञांना १९९८ चे वैद्यकाचे नोबेल मिळाले. त्यातून शरीरात जे द्रव्य तयार होते ते लवकर विरून जाते. ही गोळी ते विरू देत नाही. म्हणजे एका औषधाने नळ पूर्ण उघडला आणि दुसर्‍याने मोरीत बोळा कोंबला. हौद भरून वाहणारच. शरीरात याचा अर्थ असा की रक्तदाब एकदम कोसळतो, माणूस जागीच पडतो आणि हृदयाला रक्त पुरत नाही.

सिल्डेनाफिल घेतल्यावर निदान २४ तास आणि टॅडालाफिल घेतल्यावर निदान ४८ तास नायट्रेट देऊ नये असा नियम आहे. तेव्हा गोळी घेतल्यानंतर छातीत दुखू लागले तर घरातली सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवू नये. १०८ ला फोन करून दवाखाना गाठावा आणि पहिले वाक्य हे सांगावे की अमुक वाजता अमुक गोळी घेतली आहे. डॉक्टरांपुढे त्या क्षणी लाज धरली तर ते सवयीने नायट्रेट देतील. ते दोषी नसतील, कारण त्यांना सांगितलेच नव्हते.

आमच्या परिचयाच्या एका ठोक व्यापार्‍यांची नागपूरला अँजिओप्लास्टी झाली होती. त्यांनी दुकानातल्या पोराला मेडिकलवर पाठवले आणि बजावले की बिल घेऊ नकोस, नाव सांगू नकोस. औषधविक्रेता जाणता होता. त्याने विचारले, “कोणासाठी पाहिजे? हृदयाची गोळी चालू आहे का?” पोराला काय माहीत! विक्रेत्याने गोळी दिली नाही. शेठजी रागाने स्वतः गेले. “पैसा आमचा, तुम्हाला काय करायचे आहे?” विक्रेत्याने शांतपणे त्यांच्या खिशातली पट्टी पाहायला मागितली. ती सॉर्बिट्रेट होती. पुढे हृदयाच्या डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितले की या दोन गोळ्या पोटात एकत्र आल्या असत्या तर तुम्ही दवाखान्यापर्यंत पोहोचला नसता. त्या विक्रेत्याने चाळीस-पन्नास रुपयांची विक्री सोडली आणि एक घर वाचवले. तिजारतीत अमानत म्हणतात ती हीच.

ज्यांना या गोळ्या चालत नाहीत त्यांचे दरवाजे बंद होत नाहीत. हवा ओढून काम करणारे उपकरण, तज्ज्ञ डॉक्टरांनी शिकवलेले इंजेक्शन असे दुसरे इलाज आहेत. परंतु ते तज्ज्ञालाच विचारून.

नागपूरचे प्रकरण

२०२३ च्या मार्च महिन्यात नागपूरच्या एका ४१ वर्षांच्या इसमाचे प्रकरण वर्तमानपत्रांत आले. डॉक्टरांनी न्यायवैद्यकाच्या नियतकालिकात त्याचा अहवाल दिला होता. त्या इसमाने सिल्डेनाफिलच्या ५० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या दारूबरोबर घेतल्या होत्या. सकाळी अस्वस्थ वाटले, उलट्या झाल्या, पुढे मृत्यू झाला. मेंदूत रक्तस्राव झाला होता आणि सुमारे ३०० ग्रॅम रक्ताची गाठ सापडली. असे क्वचित घडते हे खरे. परंतु त्यात ज्या गोष्टी एकत्र आल्या त्या आपल्याकडे क्वचित नाहीत. डॉक्टरांचा सल्ला नाही, एकाऐवजी दोन गोळ्या, सोबत दारू. दारू आपल्याला वर्ज्य आहे हे सर्वांना ठाऊक आहे, आणि तरी ती कोण कोण पितो हेही बाजाराला ठाऊक असते. म्हणून स्पष्ट लिहिणे बरे.

घेण्याची रीत

मात्रा डॉक्टर ठरवतात. वाचकाला अंदाज असावा म्हणून सर्वसाधारण रीत सांगतो. सिल्डेनाफिल बहुधा ५० मिलिग्रॅमपासून सुरू करतात. वय ६५ च्या पुढे असेल, यकृत किंवा मूत्रपिंड कमजोर असेल तर २५ पासून. जास्तीत जास्त १०० मिलिग्रॅम, आणि चोवीस तासांत एकदाच. संबंधाच्या साधारण एक तास आधी घ्यायची. तेलकट, चरबीचे जेवण झाले असेल तर तिचा असर उशिरा येतो. दावतीत बिर्याणी-कोरमा खाऊन आलेला माणूस अर्ध्या तासात गुण आला नाही म्हणून दुसरी गोळी घेतो, तो दुप्पट मात्रा घेत असतो. टॅडालाफिलचा असर ३६ तासांपर्यंत राहतो, म्हणून ती रोज घ्यायची असेल तर फार कमी मात्रेत, २.५ किंवा ५ मिलिग्रॅम, देतात. आज सिल्डेनाफिल, उद्या टॅडालाफिल असा खेळ करू नये, दोन्ही मिसळू नयेत. रमजानमध्ये रोजा सोडल्यानंतरच्या वेळेत गोळी घेता येते. परंतु साखरेचे औषध चालू असणार्‍यांनी रमजानच्या आधीच सगळ्या औषधांच्या वेळा डॉक्टरांकडून ठरवून घ्याव्यात.

डोके दुखणे, चेहरा लाल होणे, नाक चोंदणे, पोटात जळजळ, डोळ्यांपुढे निळसर दिसणे हे होऊ शकते आणि बहुधा आपोआप ओसरते. तीन लक्षणे मात्र तातडीची आहेत. चार तासांहून अधिक काळ ताठरपणा न उतरणे, एका डोळ्याची नजर अचानक जाणे, कानाने अचानक ऐकू न येणे. यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट न पाहता दवाखान्यात जावे. पहिल्या लक्षणात उशीर झाला तर इंद्रियाची कायमची हानी होते.

पुढील बांधवांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय या गोळीला हातच लावू नये. नुकताच हृदयविकाराचा झटका किंवा अर्धांगवायू होऊन गेलेले. रक्तदाब फार वाढलेले किंवा फार उतरलेले. चार पायर्‍या चढताच धाप लागणारे. रातांधळेपणाने सुरू होणारा डोळ्याच्या पडद्याचा आनुवंशिक आजार असलेले. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन किंवा रक्तदाबासाठी प्राझोसिन घेणारे, कारण त्यांना उभे राहताच चक्कर येऊ शकते. बुरशीवरील केटोकोनॅझोलच्या गोळ्या, एरिथ्रोमायसिन किंवा एचआयव्हीची काही औषधे घेणारे, कारण त्यांच्या रक्तात गोळीचे प्रमाण वाढते.

नव्या नवरदेवांविषयी एक शब्द. लग्नाच्या रात्री दोस्तमंडळी गंमत म्हणून गोळी हातात ठेवतात. भीतीने आणि संकोचाने पहिल्या दिवसांत अडचण येणे स्वाभाविक आहे. पहाटे झोपेत ताठरपणा येत असेल तर शरीर बहुधा ठीक असते, अडचण मनाची असते. अशा तरुणाला धीर हवा. गोळीची सवय लागली तर गोळीशिवाय आपण अपुरे आहोत हा वहम आयुष्यभर चिकटतो.

दुकानदाराचा सल्ला आणि यवतमाळचा धडा

आपल्या जिल्ह्याने २०१७ साली एक मोठी किंमत मोजली आहे. त्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातले ते दिवस आजही लोक विसरलेले नाहीत. त्या वेळी चौकशीत आणि चर्चेत एक गोष्ट पुढे आली. कोणते औषध कशात मिसळायचे हे पुष्कळ ठिकाणी कृषितज्ज्ञ नव्हे तर विकणारा सांगत होता, आणि दोन-तीन औषधे एकत्र करून फवारली जात होती.

शेतातले विष वेगळे आणि माणसाची गोळी वेगळी, हे आम्ही जाणतो. परंतु वागण्याची रीत तीच आहे. विकणार्‍याच्या शब्दावर माल उचलायचा, कशात काय मिसळते आहे ते पाहायचे नाही, आणि त्रास झाला की आधी लपवायचे. जो धडा शेतात इतका महाग पडला तो घरात विसरता येणार नाही.

पुडी, कुश्ता आणि ‘शंभर टक्के देशी’

एस.टी. स्टँडच्या भिंतीपासून आठवडी बाजाराच्या तंबूपर्यंत ‘गुप्त रोग, शर्तिया इलाज’ लिहिलेले दिसते. आपल्या बुजुर्गांनी नीम हकीमाला खतरा-ए-जान म्हटले आहे, तो नीम हकीम हाच. आम्ही युनानी तिब्बीचा आदर करतो. बी.यू.एम.एस. झालेले, नोंदणी असलेले हकीम आपल्या भागात आहेत, ते नाडी पाहतात तशी साखरही तपासायला पाठवतात. तंबूतला माणूस ना नोंदणी दाखवतो ना पावती देतो, आणि पुढच्या बाजारी सापडत नाही.

अशा जाहिरातींना कायद्याने मनाई आहे. १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने कामशक्ती वाढवण्याचा दावा करणारी जाहिरात बंद केली. या कायद्याला हमदर्द दवाखान्याने सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले होते. डिसेंबर १९५९ मध्ये निकाल लागला. न्यायालयाने कायद्यातील काही शब्द आणि एक कलम रद्द केले, परंतु मूळ हेतू मान्य केला. लोकांनी जाहिरात वाचून स्वतःच स्वतःवर इलाज करू नये, हा तो हेतू. एवढ्या मोठ्या युनानी संस्थेलाही जो नियम लागू झाला, तो तंबूवाल्याला लागू नाही असे कसे म्हणता येईल?

‘शंभर टक्के देशी, कोणताही अपाय नाही’ असे लिहिलेल्या पुड्यांत आणि कॅप्सूलमध्ये इंग्रजी गोळीची भुकटी मिसळलेली आढळते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा जडीबुटीच्या मालात लपवलेले सिल्डेनाफिल सापडल्याचे इशारे वेळोवेळी दिले आहेत. म्हणजे सॉर्बिट्रेट घेणारा माणूस देशी समजून नेमके तेच खातो जे त्याला मना आहे. सिंगापुरात २००८ साली जानेवारी ते मे या काळात मधुमेह नसलेले १५० लोक रक्तातली साखर एकदम उतरल्यामुळे दवाखान्यात आले. शोध घेता त्यांपैकी पुष्कळांनी बेकायदा विकली जाणारी ताकदीची औषधे खाल्ली होती आणि त्यांत मधुमेहाची ग्लिबेनक्लामाइड ही गोळी मिसळलेली निघाली. चौघे दगावले. कुश्त्यांचेही तसेच. सोमल, पारा यांचे कुश्ते जाणत्या हकीमाच्या देखरेखीशिवाय खाल्ले तर मूत्रपिंड आणि नसा निकामी होतात.

माल पारखण्याची पद्धत

आपण कापड पारखतो तशी पट्टी पारखावी. ही गोळी ‘शेड्यूल एच’ची आहे, म्हणजे नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच ती विकता येते. पट्टीवर लाल उभी रेघ आणि आरएक्स ही खूण असते. बनवणार्‍या कंपनीचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर, बनवल्याची आणि मुदत संपण्याची तारीख, किंमत, हे सर्व छापलेले असते. औषधाचे मूळ नाव आणि किती मिलिग्रॅम ते वाचावे, कारण एकाच औषधाची बाजारात कितीतरी नावे आहेत. शंभरची गोळी स्वस्त पडते म्हणून घेऊन आपल्या अंदाजाने तुकडे करू नयेत. सुटी गोळी, खोक्याविना पट्टी, पानठेल्यावरची किंवा पोस्टाने आलेली पुडी घेऊ नये. बिल मागावे. बिलावर बॅच नंबर असतो आणि तक्रार करायची वेळ आली तर अन्न व औषध प्रशासनाला दाखवायला तोच पुरावा असतो. खर्चाचा प्रश्न असेल तर डॉक्टरांना मूळ नावाने चिठ्ठी लिहायला सांगावे आणि जनऔषधी दुकानात विचारावे.

मेडिकल चालवणार्‍या आमच्या बांधवांना विनंती आहे. चिठ्ठी मागा. गिर्‍हाईक तुटेल ही भीती सोडा. चिठ्ठी असली तरी “हृदयाची गोळी चालू आहे का” एवढे हळू आवाजात विचारा, बाजूला घेऊन विचारा. गिर्‍हाइकाची अब्रू राखून त्याचा जीव राखणे ही दोन्ही कामे एका प्रश्नात होतात.

डॉक्टरांपुढे काय बोलावे?

पुष्कळांची अडचण शब्दांची असते. उर्दूत शिकलेल्याला मराठीत सुचत नाही, मराठीत शिकलेल्याला इंग्रजीत सुचत नाही. इतके पुरे: “डॉक्टरसाहेब, पती-पत्नीच्या संबंधात अडचण येते, ताठरपणा टिकत नाही.” पुढचे डॉक्टर विचारतील. त्यांना हे रोजचे आहे. गावात ओळखीचे लोक भेटतात म्हणून संकोच वाटत असेल तर यवतमाळच्या सरकारी रुग्णालयात बाह्यरुग्ण विभागाची चिठ्ठी काढावी, तिथे कोण कशासाठी आले आहे हे कुणी विचारत नाही. साखर आणि रक्तदाब तर प्राथमिक आरोग्य केंद्रातही तपासतात.

जाताना घरातल्या सगळ्या औषधांच्या पट्ट्या पिशवीत घालून न्याव्यात, देशी पुड्यासुद्धा. हृदयाचे डॉक्टर वेगळे आणि या तक्रारीचे वेगळे असतील तर दोघांनाही दोन्ही सांगावे. एकाला एक आणि दुसर्‍याला दुसरे सांगणे म्हणजे दोन वह्या ठेवणे. दोन वह्यांचा हिशेब एक दिवस अंगाशी येतोच.

आणि पत्नीला सांगावे. नवरा अबोल झाला, दूर झोपू लागला, तर ती स्वतःला दोष देते, सासर तिला दोष देते. कितीतरी घरांत वाद वाढून गोष्ट तलाकपर्यंत जाते आणि मूळ कारण रक्तातली साखर असते. शिवाय रात्री अडीच वाजता छातीत कळ आली तर डॉक्टरांना गोळीचे सांगणारी ती एकटीच असणार आहे. तिला ठाऊक नसेल तर कोण सांगेल?

हया ही चांगली गोष्ट आहे. ती नजरेची आणि जिभेची असावी. इलाजाच्या आड आलेल्या संकोचाला हया म्हणू नये. ज्या वाचकांनी ही गोळी चिठ्ठीविना घेतली आहे किंवा घेण्याचा विचार आहे, त्यांनी येत्या सुटीच्या दिवशी एक काम करावे. घरातल्या पट्ट्या काढून त्यांवरची नावे एका कागदावर लिहावीत, कागद पाकिटात ठेवावा आणि डॉक्टरांकडे जावे. साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा. खर्रा त्याच दिवशी सोडता आला तर उत्तमच. गोळीची गरज आहे असे डॉक्टर म्हणाले तर चिठ्ठीने घ्यावी, बिलाने घ्यावी, सांगितली तेवढीच घ्यावी. पुष्कळांना साखर आटोक्यात आली, तंबाखू सुटली, रोज चालणे सुरू झाले की तिची गरजही कमी होते.